ईईजीला जाताना केसांना तेल नको: उत्तर गोव्यातल्या एका खासगी केंद्राचा आढावा

ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड, म्हणजे तारेच्या टोकाला असलेल्या छोट्या वाट्या, चिकटवून मेंदूचे विद्युत तरंग टिपायची तपासणी; आकडीची (फीट) शंका असली की ती सांगतात. ईईजीच्या खोलीबाहेर एक बेसिन, शॅम्पूची बाटली आणि हेअर ड्रायर. उत्तर गोव्यातल्या या छोट्या खासगी केंद्राला पहिला चांगला शेरा द्यायचा तो याच कोपऱ्यासाठी. भेटीची वेळ देतानाच 'तेल लावू नका' असं फोनवर बजावलेलं असतं, तरी सकाळी घरातून निघताना आई मुलाच्या टाळूवर खोबरेल थापतेच, आणि बायका अबोलीचा गजराही माळून येतात. अशा पेशंटला इथे परत पाठवत नाहीत आणि तेलावरच इलेक्ट्रोड चिकटवून मोकळेही होत नाहीत. केस दोनदा धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच पलंगावर घेतात. त्यात अर्धा-पाऊण तास जातो, मागच्यांचा खोळंबा होतो, बाहेर कुरबुर चालते. तरी हा उशीर सोसावा.

कारण मेंदूतून टाळूपर्यंत पोचणारा विद्युतदाब अगदीच थोडा असतो, साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट. ईसीजीत हृदयाचा ठोका १ मिलिव्होल्टच्या आसपास भरतो, म्हणजे दहापट किंवा त्याहूनही जास्त. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचे तरंग पहिल्यांदा टिपले, पण छापले १९२९ मध्ये. दिसतंय ते मेंदूचंच की नाडीचं, स्नायूंचं, यंत्राचं, ही शंका फिटल्याशिवाय छापण्यात अर्थ नव्हता. शंभर वर्षांनंतरही ईईजी काढणाऱ्याचं निम्मं काम ही शंका फेडण्याचंच आहे.

तेलाचा थर कातडी आणि इलेक्ट्रोड चिकटवायची पेस्ट यांच्यामध्ये पडद्यासारखा बसतो आणि त्या जागेचा रोध वाढतो. एका इलेक्ट्रोडचा रोध ३ किलोओहम आणि जोडीदाराचा ३० असला, की दोन्हीकडे सारखीच येणारी घरातल्या विजेची ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० वेळा हलणारी) गुणगुण ॲम्प्लिफायरला, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला फरक मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राला, नीट वजा करता येत नाही. पडद्यावर रेघेऐवजी जाड काळा पट्टा दिसू लागतो. ही गुणगुण गाळणारा नॉच फिल्टर दाबला की पट्टा नाहीसा होतो, पण दुखणं तिथेच राहतं: ढिला इलेक्ट्रोड मधूनच 'उडतो' आणि त्याची टोकदार उसळी नवख्या डोळ्याला स्पाइकसारखी, म्हणजे आकडीची खूण असलेल्या टोकदार तरंगासारखी, दिसू शकते.

इथे रबरी टोपी वापरत नाहीत. वाटीसारखे इलेक्ट्रोड एकेक करून हाताने लावतात, आणि त्याआधी टेपने मोजतात. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळगीपासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर समजा ३६ सेंटिमीटर भरलं. तर पहिली खूण ३.६ सेंटिमीटरवर, तिथून पुढच्या चार खुणा ७.२ सेंटिमीटरच्या टप्प्याने, आणि शेवटी पुन्हा ३.६ उरतात. दहा टक्के आणि वीस टक्के, म्हणून ही दहा-वीस पद्धत. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली, आणि आजही जगभर हीच चालते. मग एका कानासमोरच्या खळगीपासून दुसऱ्या कानापर्यंत आडवं माप, मग डोक्याभोवती गोल. मेणाच्या पेन्सिलीने खुणा. टाळूवर १९ इलेक्ट्रोड, कानांच्या पाळ्यांवर २, एक ग्राउंडचा, आणि छातीवर ईसीजीची तार. खुणेवर भांग पाडून कापसाच्या काडीने रवाळ जेल घासायचं, कातडी सोलवटेल इतकं नाही, वरचा मेलेल्या पेशींचा थर निघेल इतपत. वाटीत हरभऱ्याएवढी पेस्ट, वर गॉजचा चौकोनी तुकडा, आणि बोटाने दहा सेकंद दाब. या सगळ्याला इथे २५ ते ३० मिनिटं लागतात. ज्या ठिकाणी दहा मिनिटांत उरकतं, तिथे टेप काढलेलाच नसतो असं खुशाल समजावं.

टेप न लावता बोटांनी चाचपून जागा ठरवली तर काय बिघडतं? डावीकडचा एक इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर जरी सरकला, तरी त्या जोडीतलं अंतर उजव्या जोडीपेक्षा कमी होतं. जवळजवळ बसलेल्या जोडीचे तरंग ठेंगणे उमटतात, आणि रिपोर्टात 'डाव्या बाजूला व्होल्टेज कमी' असं येतं. मग घरात आठवडाभर घोर, आणि नको असलेला एमआरआय.

इलेक्ट्रोड लावून झाले की पडद्यावर रोधाचा तक्ता उघडतात. ५ किलोओहमच्या खाली असेल ती जागा पास. कानशिलावरचे टी-३, टी-४ आणि मागचे ओ-१, ओ-२ हमखास त्रास देतात, कारण तिथे केस दाट असतात आणि डोकं उशीवर नेमकं तिथेच टेकतं. नापास जागा काढून, पुसून, पुन्हा घासून लावल्या जातात. रेकॉर्डिंग संपल्यावरही रोध पुन्हा मोजतात आणि दोन्ही तक्ते रेकॉर्डसोबत ठेवतात. ही सवय फार मोलाची आहे. मध्येच ढिला झालेला इलेक्ट्रोड कोणता, हे वाचणाऱ्या डॉक्टरांना त्यावरून कळतं.

गोव्यात ईईजीचा मोठा वैरी म्हणजे घाम. घामातलं मीठ आणि घामाच्या ग्रंथींचा स्वतःचा विद्युतदाब मिळून रेघा संथ लाटेसारख्या वरखाली हेलकावतात, एकेक लाट दोन-दोन सेकंदांची. शिवाय दोन शेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये घाम किंवा सैल पेस्ट पसरली की मिठाचा पूल तयार होतो. दोन्ही इलेक्ट्रोड जणू एकच होतात आणि त्या जोडीची रेघ सपाट पडते. म्हणून खोली थंड हवी. इथे एसी २३-२४ अंशांवर असतो, ते योग्य. अडचण वीज गेल्यावर येते. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर यूपीएसवर आहेत, एसी नाही. मे महिन्यात वीज गेली की दहाएक मिनिटांत कपाळ ओलसर होतं आणि पुढचं सगळं रेकॉर्डिंग हेलकावू लागतं. छताचा पंखा लावला तर इलेक्ट्रोडच्या तारा हलतात, ते वेगळंच दुखणं. अशा वेळी थांबून वीज येण्याची वाट पाहायची की तसंच रेटायचं, याचा काही ठरलेला नियम या केंद्रात दिसत नाही. असायला हवा. तोवर उन्हाळ्यात आणि पावसात सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

तयारीचा छापील कागद इथे मराठी, कोकणी आणि इंग्रजीत मिळतो आणि तो चांगला लिहिलाय, पण दोन गोष्टी त्यात राहून गेल्यात. एक, उपाशी येऊ नका हे ठळक लिहायला हवं. रक्त तपासणीच्या सवयीने लोक रिकाम्या पोटी येतात, आणि साखर खाली गेली की तरंग मंद होतात, विशेषतः जोरात श्वास घेण्याच्या भागात. नाश्ता करून या, फक्त चहा-कॉफी टाळा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. डॉक्टरांनी जागरण करून यायला सांगितलं असेल, म्हणजे मोठ्या माणसाने रात्री बारानंतर झोपून पहाटे चारला उठायचं असेल, तर त्या दिवशी स्कूटर चालवू नका. आपल्याकडे बारीकसारीक कामालाही जो तो दुचाकीवर निघतो. ज्याला फीट येते अशी शंका आहे त्याने जागरण करून हँडल धरणं म्हणजे जिवाशी खेळ. जागरणाने फीट ओढवते, आणि तपासणीसाठी आपण तेच तर करतोय. मागेही बसू नये, बसने किंवा चारचाकीने सोबत घेऊन यावं.

आकडीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. 'गोळी घेतली तर आजार दिसणार नाही' हा समज घट्ट बसलाय. गोळी अचानक थांबवली तर एकामागून एक, न थांबणाऱ्या आकड्या येऊ शकतात. गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या आणि नावं लिहून आणा. क्लोबाझामसारख्या गोळीने पुढच्या भागात जलद बीटा तरंग वाढतात; वाचणाऱ्याला गोळीचं नाव ठाऊक असेल तर तो त्यावर अडत नाही.

आता खुद्द रेकॉर्डिंग. पलंग आरामशीर, प्रकाश मंद, मोबाइल बाहेर. निदान २० मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंग हवं असतं. इथे नेहमीच्या तपासणीला ३० मिनिटं देतात. सुरुवातीला डोळे मिटा, उघडा, मिटा असं चार-पाच वेळा. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झचा अल्फा ताल उमटतो, मोठ्या माणसात बहुधा ९-१० चा, आणि डोळे उघडताच तो विरतो. तंत्रज्ञ प्रत्येक गोष्टीची नोंद तिथल्या तिथे टाकतात: गिळलं, खोकला, दार वाजलं, बाहेर जनरेटर चालू झाला. एका रेकॉर्डमध्ये 'रस्त्यावर ढोल' अशीही नोंद होती, आणि नेमकं तिथेच दचकल्याचा ठसा. नोंद नसती तर त्या ठशाचा अर्थ लावायला डॉक्टरांना कपाळाला हात लावावा लागला असता. या केंद्राचं खरं बळ या बारीक नोंदींत आहे.

मग तीन मिनिटं खोल, भरभर श्वास. लहान मुलांना भिरभिरं फुंकायला देतात, त्यामुळे मुलं जोर लावून करतात. श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तरंग मंद होतात. आणि ज्या मुलांना क्षणभर 'हरवल्या'सारखे झटके येतात, त्यांच्यात सेकंदाला तीनच्या गतीने उमटणारे स्पाइक-लाटेचे जोड बऱ्याचदा इथेच दिसतात. त्या क्षणी तंत्रज्ञ मुलाला एक शब्द सांगतात, 'आंबा' म्हणा किंवा 'होडी', आणि नंतर आठवतोय का ते विचारतात. भान गेलं होतं की नाही, याचा पुरावा त्यातून मिळतो. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आलेला असेल, दमा जोरात असेल, सिकल सेल हा रक्ताचा आजार असेल, तर हा भाग वगळायचा असतो. हे विचारणं तंत्रज्ञाचं काम, पण तुम्हीही आपणहून सांगा.

इथे एक चूक होते, आणि ती सुधारायलाच हवी. श्वासाचा भाग संपल्या-संपल्या लगेच लुकलुकणारा दिवा सुरू करतात. दोन्हींमध्ये निदान तीन मिनिटं जायला हवीत, किंवा दिवा श्वासाच्या आधी उरकायला हवा. नाहीतर काही उमटलंच तर ते श्वासामुळे की उजेडामुळे, हे सांगता येत नाही. हा फरक नुसता पुस्तकी नाही: उजेडाने आकडी ओढवणाऱ्या मुलाला टीव्ही, मोबाइलवरचे गेम, डिस्कोचे दिवे यांपासून जपायला सांगावं लागतं. बाकी दिवा नाकापासून ३० सेंटिमीटरवर, खोलीत अंधुक उजेड, प्रत्येक गतीला डोळे उघडे आणि मिटलेले अशी दोन्ही नोंद, हे सगळं रीतसर.

झोपेबाबत मात्र केंद्र कमी पडतं. पहिल्या साध्या ईईजीत अपस्मार (वारंवार आकडी येण्याचा आजार) असलेल्यांपैकी ढोबळमानाने निम्म्याच जणांचे स्पाइक सापडतात. डुलकीत आणि हलक्या झोपेत ते जास्त उमटतात, म्हणूनच जागरण सांगतात. पण पेशंट डुलू लागला आणि अर्धा तास भरला की इथे रेकॉर्डिंग थांबवून खोलीतला दिवा लावतात. झोपेचे खरे पुरावे म्हणजे १२-१४ हर्ट्झच्या चात्या (स्पिंडल, म्हणजे जलद तरंगांचे छोटे झुबके) आणि के-कॉम्प्लेक्स नावाच्या मोठ्या सुट्या लाटा. ते दिसल्यानंतर तरी दहा मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवायला हवं. 'झोपेची ईईजी' म्हणून वेगळे पैसे घेतले जातात, तेव्हा हा आग्रह धरायला संकोच करू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'जागेपणी आणि झोपेत' असं स्पष्ट लिहून घ्या.

लहान मुलांचं आणखी एक. वाळपईहून किंवा काणकोणहून पहाटे निघालेलं जागरण झालेलं मूल बसमध्ये खिडकीला डोकं टेकून गाढ झोपतं, आणि पलंगावर टक्क जागं. झालं, सगळं जागरण वाया. वाटेत मुलाला गाणी म्हणायला लावा, खायला द्या, गोष्टी सांगा, पण डोळा लागू देऊ नका. किंवा दुपारच्या नेहमीच्या झोपेच्या तासाची वेळ मागा. इथे ती देतात. झोपेचं औषध लागलंच तर ट्रायक्लोफॉसचं सिरप डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या मात्रेत, केंद्रात पोचल्यावर द्यायचं. घरून पाजून आणायचं नाही.

रिपोर्ट वाचणारे न्यूरोलॉजिस्ट आठवड्यातून दोन दिवस येतात, म्हणून रिपोर्ट तीन-चार दिवसांनी मिळतो. थांबायला हरकत नाही, पण रिपोर्ट फारच त्रोटक असतो. मागच्या भागातला ताल किती हर्ट्झचा, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, श्वास किती मिनिटं चालला, पेशंट झोपला का, कुठल्या जागी काय दिसलं, आणि डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाला त्याचं काय उत्तर, एवढं तरी असायला हवं. इथे बरेचदा दोन ओळी: 'नॉर्मल रेकॉर्ड.' मग झोप झाली नव्हती, हे पुढच्या डॉक्टरांना कळणार कसं? नॉर्मल ईईजीने अपस्मार नाही असं सिद्ध होत नाही, हे वाक्य छापलेलं असतं तर कितीतरी घरांतल्या गोळ्या परस्पर बंद झाल्या नसत्या.

उलटही घडतं. कानशिलावरचे कमानीसारखे विकेट तरंग, झोपेतले छोटे निरुपद्रवी स्पाइक ठणठणीत माणसातही दिसतात आणि घाईत ते 'अपस्मार' म्हणून वाचले जातात. निदान मुळात झटक्याच्या वर्णनावरून होतं. घरातल्या कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ इथे फार कामाला येतो: डोळे उघडे की मिटलेले, मान कुठे वळली, आधी कुठला हात हलला, किती मिनिटं चाललं. तेवढ्यात दुसऱ्याने पेशंटला कुशीवर वळवावं. कांदा, चप्पल, चाव्यांचा जुडगा काही नको, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन.

काउंटरवर 'ब्रेन मॅपिंग'चा रंगीत फलक आहे: एकाग्रता, स्मरणशक्ती, अभ्यास. नेहमीची ईईजी १,८०० रुपये, झोपेसह २,५००, आणि हे पॅकेज ६,०००. घेऊ नका. त्याच तरंगांची गणितं करून रंग भरलेले असतात. डोळ्याची पापणी लवली की कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर मोठी संथ लाट उठते. हाताने ती गाळली नाही, तर नकाशात कपाळ लालभडक दिसतं आणि पालकांना 'पुढच्या भागात डेल्टा (संथ तरंग) वाढलाय' असं सांगितलं जातं. मुलाने डोळे मिचकावले होते, एवढाच त्याचा अर्थ. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाचं निदान अशा नकाशावरून करू नये. आधी कान-डोळे तपासा, शाळेशी बोला, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उत्तम तंत्रज्ञ असलेल्या केंद्राने हा फलक काढून टाकावा असं मनापासून वाटतं.

ईईजीत गाठ, रक्तस्राव, मेंदूतल्या जंताच्या पुटकुळ्या दिसत नाहीत. त्याला सीटी किंवा एमआरआय. या पुटकुळ्या डुकराचं मांस खाल्ल्याने थेट होतात असा समज आहे. कच्चट मांसातून आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूत पुटकुळ्या होतात त्या त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, म्हणजे घाणीचा संसर्ग झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून. शाकाहारी घरातही होतात. पहिली आकडी मोठ्या वयात आली असेल, डोकेदुखी किंवा एका अंगाची ताकद गेली असेल, तर या केंद्रात वेळ घेत बसू नका, थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा.

निघताना मूळ रेकॉर्डिंगची प्रत मागा, रिपोर्टाची नव्हे. पेनड्राइव्ह सोबत न्या, ते बघायच्या सॉफ्टवेअरसकट भरून देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर पुन्हा डोकं घासून घ्यावं लागत नाही. केसांतली पेस्ट कोरडी ओढू नका, कातडी आधीच हुळहुळी झालेली असते. घरी कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा, मग बारीक दातांच्या फणीने विंचरा. खोबरेल त्यानंतर लावा.